अदृश्य कर आणि बीडची रयत

कर कमी असावेत, सरकारचा पसारा आटोपशीर असावा आणि खजिन्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रुपयाचा हिशेब तो भरणाऱ्याला मागता यावा, या मागण्यांसाठी उभ्या राहिलेल्या करदात्यांच्या संघटना पाश्चात्त्य लोकशाहीत गेल्या अर्धशतकात चांगल्याच प्रबळ झाल्या आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हॉवर्ड जार्विस यांच्या पुढाकाराने १९७८ साली मतदारांनी तेरावा प्रस्ताव संमत करून घरादारावरील कराला राज्यघटनेतच मर्यादा घातली. ब्रिटनमध्ये २००४ साली अशाच हेतूने करदात्यांची एक आघाडी स्थापन झाली, आणि कायदेमंडळाच्या सभासदांकडून करवाढ न करण्याची लेखी प्रतिज्ञा घेण्याची पद्धतही अमेरिकेत रूढ झाली. या सर्व चळवळींचा नायक म्हणजे ज्याला आपण किती कर भरतो हे नेमके ठाऊक आहे असा गृहस्थ. त्याच्या हाती पावती असते, आणि त्या पावतीच्या बळावरच तो सरकारला जाब विचारतो.

बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांत असा नायक शोधू गेल्यास तो फार थोड्या घरांत सापडेल. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. जिरायत जमिनीचा शेतसारा इतका अल्प आहे, की पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली आल्यावर सरकार त्यात सूट जाहीर करते, तेव्हा त्या सुटीने कोणाच्या संसाराला फारसा आधार मिळत नाही. मग करभाराचा प्रश्न हा मुंबई-पुण्याच्या पगारदारांचा व व्यापाऱ्यांचा आहे, गेवराई-माजलगावच्या कापूसवाल्याला त्याचे काय, असे कोणीही सहज म्हणेल, आणि आपल्याकडील अर्थशास्त्रीय चर्चेत बहुधा असेच म्हटले गेले आहे. हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो. या जिल्ह्यातील रयत कर भरते, भरपूर भरते. फक्त तिला त्याची पावती मिळत नाही. कर कमी करा व सरकार मर्यादित ठेवा या विचाराचा महाराष्ट्रातील इतिहास बीडच्या बाजूने वाचला, तर ही गोष्ट स्पष्ट दिसू लागते.

इंग्रजी अमलाखालील महाराष्ट्रात हा विचार फार लवकर रुजला. १८७० साली पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या नेतृत्वाखाली, जमीनमहसुलाची आकारणी, दुष्काळातील वसुली आणि सरकारी खर्चाचे प्रमाण यांवर अभ्यासपूर्ण अर्ज करण्याची प्रथा पाडली. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा सारा, लोकल फंड, जकात आणि त्यांच्या वसुलीमागे उभी असलेली सरकारी कामगारांची फौज या सर्वांचा भार शेवटी कुणब्याच्या पाठीवर कसा येऊन पडतो, हे त्यांनी कोणत्याही कोष्टकापेक्षा अधिक जळजळीतपणे दाखवून दिले. १८९६च्या दुष्काळात टिळकांनी व सार्वजनिक सभेने खेडोपाडी लोकांना सांगितले, की पीक बुडाले असता साऱ्याची तहकुबी मागणे हा दुष्काळसंहितेने दिलेला हक्क आहे, सरकारची मेहेरबानी नव्हे. आणि २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर केलेल्या पहिल्या भाषणात शिलकी अंदाजपत्रकाची जी चिकित्सा केली, ती आजच्या कोणत्याही करदाता-संघटनेला कित्ता म्हणून गिरवता येईल: खजिन्यात शिल्लक पडते याचा अर्थ देश सुखी आहे असा नसून, गरजेपेक्षा अधिक कर गोळा केला जात आहे असा आहे. मिठावरील कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. पुढील पाच वर्षांत तो टप्प्याटप्प्याने एक रुपयावर आला, त्यात गोखल्यांच्या या युक्तिवादाचा वाटा मोठा होता.

बीड मात्र या सर्व घडामोडींच्या पलीकडे, निजामाच्या मुलखात होते. चौथाई आणि सरदेशमुखीच्या हक्कांवरून दख्खनचे सुभेदार आणि मराठे यांच्यात जो दीर्घ झगडा चालला, त्यातील एक निर्णायक लढाई १७६३च्या ऑगस्टमध्ये याच जिल्ह्यात, गोदातीरी राक्षसभुवन येथे झाली. पण वसूल कोणाकडे जावा एवढाच त्या झगड्याचा विषय होता, तो किती असावा हे रयतेला कोणीच विचारले नव्हते. पुढे निजामाचा दिवाण सालारजंग याने मक्तेदारांकडून वसुलाची इजारेदारी काढून घेऊन जिल्हाबंदी व रयतवारी आणली, ही सुधारणा निःसंशय मोठी होती. तथापि करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके, आबकारीचे उत्पन्न आणि जहागिरींचे जाळे तसेच राहिले. आष्टी-पाटोद्याच्या शेतकऱ्याला अहमदनगरच्या बाजूच्या इंग्रजी मुलखात माल न्यायचा तर मध्ये सरहद्दीची करोडगिरी होती, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यात लेव्हीच्या धान्याची भर पडली. खळ्यावरचे धान्य सरकारी भावाने सक्तीने उचलले जाई, आणि स्वतःच्या घरी खाण्यासाठी काय उरते हा प्रश्न सरकारचा नसे.

म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या १९४७-४८ मधील कार्यक्रमाकडे मी नेहमी एका निराळ्या दृष्टीने पाहतो. अंबाजोगाईच्या शाळेत शिक्षक म्हणून काम केलेल्या स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यात जे आंदोलन पेटले, त्यात करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त करणे, शिंदीची झाडे तोडून आबकारीचे उत्पन्न बुडवणे, लेव्ही देण्यास नकार देणे आणि पटवाऱ्यांची दप्तरे जाळणे ही कृत्ये अग्रभागी होती. इतिहासकार त्यांची नोंद स्वातंत्र्यलढ्याच्या सदरात करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक कृत्याचे लक्ष्य महसुलाचा एकेक स्रोत होता, हेही लक्षात घेतले पाहिजे. रयतेने निजामी सत्तेला ओळखले ते राजवाड्यावरून नव्हे, तर नाक्यावरून आणि लेव्हीच्या मापावरून.

स्वातंत्र्यानंतर नाके गेले, पण माप गेले नाही. १९५५चा आवश्यक वस्तू कायदा, १९६३चा बाजार समित्यांचा कायदा, आणि १९७१चा कायदा होऊन दुसऱ्या वर्षी अमलात आलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना या तिन्हींनी शेतमालाचा भाव, विक्रीचे ठिकाण आणि ग्राहक ठरवण्याचा अधिकार टप्प्याटप्प्याने सरकारकडे घेतला. एकाधिकार योजनेचा हेतू चांगला होता, व्यापाऱ्यांच्या नाडणुकीतून कास्तकाराला सोडवावे असाच होता, हे मान्य केले पाहिजे. काही वर्षी तिने बाजारापेक्षा बरा भावही दिला. परंतु ज्या वर्षी शेजारच्या राज्यात भाव चढा असे, त्या वर्षी राज्याच्या हद्दीपलीकडे कापूस नेणारा शेतकरी कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरे, आणि इकडे दिलेल्या कापसाचे पैसे हप्त्याहप्त्याने, कधी फार उशिरा हाती पडत. पुढे योजनेचा तोटा राज्याच्या खजिन्यावर, म्हणजे पुन्हा करदात्यांवर, आला. २००२च्या सुमारास खासगी खरेदीला वाट मोकळी करून देण्यात आली, तेव्हा तीन दशकांचा हा प्रयोग संपत आला. बाहेरचा भाव आणि खरेदी केंद्रावरचा भाव यांतील जी तफावत त्या वर्षांत कास्तकाराने सोसली, ती कराशिवाय दुसरे काय होते?

याच काळात शहरांमध्येही अति-करभाराविरुद्ध आवाज उठत होता. ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ साली मुंबईत फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझची स्थापना केली; राजाजी, मिनू मसानी आणि रंगा यांनी १९५९ साली स्वतंत्र पक्ष काढला; नानी पालखीवालांची अंदाजपत्रकावरील वार्षिक व्याख्याने एका उपाहारगृहाच्या सभागृहापासून ब्रेबर्न स्टेडियमपर्यंत वाढत गेली. १९७३-७४ साली अधिभारासह आयकराचा सर्वोच्च दर ९७.७५ टक्क्यांवर गेला होता, हे ध्यानात घेता त्या श्रोतृसमुदायाचा क्षोभ अगदी स्वाभाविक होता. पण या मंडळींच्या व्याख्यानांत आयकर, कंपनीकर आणि परवाने यांना जे स्थान होते, ते कापसाच्या खरेदी केंद्राला कधी मिळाले नाही. मुंबईचा उद्योजक आणि वडवणीचा कास्तकार एकाच व्यवस्थेचे भरणेकरी आहेत, हे सांगणारा माणूस निराळ्याच वाटेने आला.

शरद जोशी स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतील नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले, आणि १९८०च्या कांदा आंदोलनापासून त्यांच्या शेतकरी संघटनेने महाराष्ट्र ढवळून काढला. शेतकऱ्याला अनुदान मिळते हा समज त्यांनी उलटा केला: खते व विजेवरील सवलतींची बेरीज करा, मग निर्यातबंदी, साठ्यावरील मर्यादा, सक्तीची खरेदी यांमुळे पडलेल्या भावाची वजाबाकी करा, उत्तर उणे येते. गॅट करारासाठी भारत सरकारने स्वतःच सादर केलेल्या आकडेवारीतून ही ‘उणे सबसिडी’ दिसते, हा त्यांचा मुद्दा दीर्घकाळ अतिशयोक्ती म्हणून बाजूला सारला गेला. २०१८ साली आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने दिल्लीतील इक्रिअर या संस्थेबरोबर केलेल्या पाहणीने मात्र असाच निष्कर्ष काढला: २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळणारे एकूण साहाय्य, सर्व अनुदाने जमेस धरूनही, त्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के होते. शंभरातले चौदा रुपये ज्या माणसाकडून न सांगता घेतले जातात, त्याला करमुक्त म्हणणे हा शब्दांशी केलेला अन्याय आहे. जोशींनी १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष स्थापन करून या विचाराला राजकीय रूप देण्याचा यत्न केला. मतपेटीत त्याला यश अल्प आले. पण सरकारकडे काही मागण्यापेक्षा सरकारने आडवे येऊ नये ही मागणी शेतकऱ्याच्या तोंडी रुजवण्याचे श्रेय त्यांचेच आहे.

या परंपरेचा बीडमधील धागा अंबाजोगाईला आहे. तेथील पत्रकार-लेखक अमर हबीब यांनी उभ्या केलेल्या किसानपुत्र आंदोलनाने कर्जमाफी किंवा अनुदान यांऐवजी तीन कायदे रद्द करण्याची मागणी पुढे केली: शेतजमीन धारणेची कमाल मर्यादा घालणारा, आवश्यक वस्तूंचा आणि जमीन अधिग्रहणाचा. महाराष्ट्रातील कमाल जमीन धारणा कायदा १९६१चा आहे. जिरायतासाठी ५४ एकर आणि बारमाही बागायतीसाठी १८ एकर ही त्याची मर्यादा. १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने निर्माण झालेल्या नवव्या परिशिष्टाचे कवच अशा कायद्यांना मिळाल्यामुळे मालमत्तेच्या हक्कासाठी दाद मागण्याचा मार्गच बंद झाला, हा या आंदोलनाचा मूळ आक्षेप आहे. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी सहकुटुंब जीवन संपवले. दर वर्षी त्या दिवशी अन्नत्याग करण्याचे आवाहन २०१७ पासून या आंदोलनातर्फे केले जाते, आणि शहरांत स्थायिक झालेली शेतकऱ्यांची मुले त्यात सहभागी होतात. कमाल धारणेच्या कायद्याविषयी माझे मत या आंदोलनाइतके निःशंक नाही. ज्या जिल्ह्यात जहागिरीची आठवण अजून पुसलेली नाही, तेथे जमिनीचे एकत्रीकरण कोणाच्या हाती होईल, याची काळजी मला वाटते. आवश्यक वस्तूंच्या कायद्याबाबत मात्र त्यांचे म्हणणे मला संपूर्ण मान्य आहे. २०२०च्या तीन कृषी कायद्यांपैकी एकाने त्या कायद्याचा हात आखडता घेतला होता. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली, त्यांच्या विचारासाठी केलेल्या समितीवर शेतकरी संघटनेचे अनिल घनवट यांना नेमले, आणि पंजाबच्या शेतकऱ्यांच्या विरोधानंतर नोव्हेंबरमध्ये संसदेने तिन्ही कायदे मागे घेतले. पंजाबच्या शेतकऱ्याला सरकारी खरेदी हा आधार होता, मराठवाड्याच्या शेतकऱ्याला सरकारी हस्तक्षेप हा जाच होता. दोघांचा अनुभव खरा होता, पण निर्णय एकाच अनुभवावर झाला.

अलीकडील काही वर्षांचा जमाखर्च मांडला, तर या जाचाचे स्वरूप हातावरच्या रेषांप्रमाणे दिसते. कांद्यावर १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यातशुल्क बसले. डिसेंबरात निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये ती शुल्कासह उघडली, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ रोजी ते उठले. आष्टी-कडा भागातील कांदेवाल्याच्या दृष्टीने हा थेट कर होता, परंतु तो बंदरावर आकारला गेला आणि वसूल झाला बाजार समितीच्या ओट्यावर, पडलेल्या भावाच्या रूपाने. सोयाबीनच्या बाबतीत कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के करण्यात आले आणि मे २०२५ मध्ये १० टक्क्यांवर उतरवण्यात आले. कापसावरील ११ टक्के आयातशुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, माफ झाले आणि ती माफी वर्षअखेरीपर्यंत वाढवली गेली. येथे विचारवंत वाचकाने एक अडचण उपस्थित करावी: मुक्त व्यापाराचा आग्रह धरणाऱ्याने आयातशुल्काच्या माफीवर तक्रार का करावी? तक्रार माफीविरुद्ध नाही. भाव चढला की निर्यात बंद आणि भाव पडू लागला तरी आयात खुली, हा एकाच बाजूला झुकलेला काटा आहे, आणि पेरणी झाल्यावर नियम बदलण्याचा अधिकार कोणत्याही मर्यादित सरकारला असू नये.

वस्तू व सेवा कराची गोष्ट याहून थोडक्यात सांगता येते. १ जुलै २०१७ पासून व्यापाऱ्याला आपल्या खरेदीवरील कराची वजावट मिळते; शेतकरी या साखळीच्या बाहेर असल्याने कीटकनाशकावरील १८ टक्के त्याला कोठेही वळते करून घेता येत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टर व ठिबक संचांवरील दर १२ वरून ५ टक्के झाला, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. रासायनिक औषधांचा दर मात्र तसाच राहिला.

इतके झाल्यावर कोणी असा निष्कर्ष काढील, की बीडसाठी सरकार जितके लहान तितके बरे. तसे मला म्हणता येत नाही, आणि त्याला कारण या जिल्ह्याचे पर्जन्यमान आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या निजामशाहीतील सलाबतखानाने बांधवून घेतलेली बीडजवळची खजाना विहीर भूमिगत पाटांनी शेते भिजवीत आली आहे. सिंदफणेवरचे माजलगाव धरण आणि मांजरेवरचे धनेगावचे धरण ही कोणत्याही खासगी भांडवलाने बांधली नसती. त्याहून मोठा दाखला रोजगार हमीचा. वि. स. पागे यांनी मांडलेल्या आणि १९७२च्या दुष्काळात जिचा कस लागला त्या योजनेसाठी १९७५ साली व्यवसायकर बसवण्यात आला, आणि १९७७चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मुंबईच्या पगारदाराच्या वेतनातून कापलेला तो कर शिरूर-पाटोद्याच्या डोंगरावर खडी फोडणाऱ्या, नालाबंडिंग करणाऱ्या हातांची मजुरी झाला; दुष्काळ पडूनही भूकबळींचे जुने सत्र फिरून आले नाही. जो कर कोणी, कशासाठी आणि कोणाला दिला हे स्पष्ट आहे, आणि ज्याच्या बदल्यात बंधारा उभा राहतो, त्याचे दर वर्षी स्मरण करून द्यावे अशी माझी इच्छा आहे. करदात्यांच्या चळवळीने अशा कराशी वैर धरले, तर बीडमध्ये तिला कोणी दारात उभे करणार नाही, आणि करूही नये.

प्रश्न कराच्या आकाराइतकाच त्याच्या वाटेचा आहे, हे पीकविम्याने दाखवून दिले. खरीप २०२० मध्ये या जिल्ह्यासाठी विमा कंपन्या पुढे येईनात, तेव्हा जी तडजोड झाली ती पुढे ‘बीड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेली: जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने द्यायची, त्यावरची राज्याने, आणि भरपाई कमी निघाली तर कंपनीने वीस टक्के ठेवून बाकी रक्कम सरकारला परत करायची. खजिन्याच्या दृष्टीने ही रचना हुशारीची होती, कारण कंपनीच्या नफ्याला प्रथमच कुंपण पडले. परंतु शेतकऱ्याला भरपाई न मिळताच पैसा परत सरकारकडे जाण्याची वाटही त्याच रचनेत होती, आणि पीककापणी प्रयोग वेळेवर व प्रामाणिकपणे होण्यावर सारे अवलंबून होते. पुढे २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला. शेतकऱ्याचा हिस्सा राज्याने भरला, म्हणजे हप्ता दिसेनासा झाला. जेथे देणाऱ्याला काही द्यावे लागत नाही तेथे खोट्या अर्जांना ऊत येतो. सरकारी व गायरान जमिनींवर विमा उतरवल्याचे प्रकार उघडकीस आले आणि त्यांत बीड जिल्ह्याचे नाव पुढे होते. २०२५च्या खरिपापासून शेतकऱ्याने पुन्हा दोन टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी पाच टक्के हप्ता भरायचा, असे ठरले. या बदलाने अनेकजण नाराज झाले. माझ्या मते मात्र दिलेला हप्ता हीच भरपाई मागण्याची सनद आहे.

बीडमध्ये करदात्यांची संघटना उभी राहायची असेल, तर तिची पहिली अर्जी आयकराच्या दराविषयी नसेल. प्रत्येक बाजार समितीच्या फलकावर भावाशेजारीच सेस, हमाली, तोलाई यांचा आकडा लिहावा. साखर कारखान्याच्या ऊसबिलातील प्रत्येक कपात कोणत्या आदेशाने व कोणत्या निधीत गेली, हे सभासदाच्या हाती लेखी द्यावे. पेरणीपासून विक्रीपर्यंतच्या हंगामात आयात-निर्यातीचे नियम बदलले, तर त्यामुळे पडलेल्या भावाचा अंदाज सरकारने त्याच अधिसूचनेत छापावा. महसूल मंडळनिहाय पीककापणीचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. माहितीचा अधिकार कायदा महाराष्ट्रात २००२ पासून आणि देशात २००५ पासून हाताशी आहे. रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक अंकेक्षण करण्याची तरतूदही आहे. सार्वजनिक सभेच्या लोकांनी खेडोपाडी दुष्काळसंहिता वाचून दाखवली, तेव्हा त्यांच्यापाशी यातले काहीही नव्हते. चार माणसे, एक वही आणि तालुक्याच्या दप्तरातील नकला एवढ्या साहित्यावर हे काम अंबाजोगाईला, गेवराईला किंवा धारूरला उद्याच्या हंगामापासून सुरू करता येण्याजोगे आहे.